निष्कर्षाचे आठ मार्क

मी झोपेत मान हलवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

रोह्याच्या आमच्या कॉलेजात दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय होता, उच्च शिक्षणातल्या मूल्यमापनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर. दुपारी मसालेभात आणि जिलेबी झाल्यावर सगळ्यांना परत सभागृहात बसवलं. पेण ते रोहा आणि रोहा ते पेण अशी सत्तावीस वर्षं एसटीनं ये-जा करून मी एक विद्या कमावली आहे. डोळे उघडे ठेवून झोपायचं. मान तेवढी हलते, वळणावर जरा जास्त. प्राचार्यांनी विचारलं, "मग पहिला प्रयोग कोणता विभाग करणार?" आणि नेमकं तेव्हाच माझ्या स्वप्नात नागोठण्याचं वळण आलं. टाळ्यांनी मला जाग आली. सगळे वाजवतायत म्हणून मीही वाजवल्या. शेजारचा म्हणाला, "स्वतःसाठी काय वाजवताय सर?"

अशा रीतीनं भूगोल विभाग अग्रेसर झाला. भूगोल विभाग म्हणजे मी आणि एक पृथ्वीगोल, ज्याचा दक्षिण ध्रुव कधीचाच निखळून पडला आहे.

काम साधं होतं. तिसऱ्या वर्षाच्या एक्केचाळीस मुलांनी 'माझ्या गावाचा परिसर अभ्यास' हा प्रकल्प लिहून दिला होता. इंटर्नलचे वीस मार्क, आठ मिळाले की पास. ते मी तपासायचे नाहीत, यंत्रानं तपासायचे. मी फक्त पानांचे फोटो काढून द्यायचे आणि आधी रुब्रिक बनवायचं. रुब्रिक म्हणजे कशाला किती मार्क, त्याचा तक्ता. मी ऐटीत बसलो आणि लिहिलं: नकाशा चार, सर्वेक्षण चार, मांडणी चार, निष्कर्ष चार. बेरीज केली तर सोळाच आली. पुन्हा केली, तरी सोळा. एसटी सुटायला सात मिनिटं होती. उरलेले चार मी शेवटच्या ओळीत टाकून दिले. निष्कर्ष आठ. पुढच्या सगळ्या भानगडीचं शैक्षणिक अधिष्ठान ते एवढंच.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी प्रकल्प कसे तपासत होतो, हे या यंत्रानं विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. मुखपृष्ठ सुबक असेल तर पंधरा. जाडजूड असेल तर सोळा. गावाच्या देवळाचा रंगीत फोटो असेल तर सतरा. आतलं मी वाचत नसे असं नाही. परतीच्या एसटीत वाकण फाटा आला की झोप येई आणि जिथं झोप येई तिथवर वाचत असे.

रविवारी दुपारी पेणच्या घरी जेवणाच्या टेबलावर फोटो काढायला बसलो. चारशेच्या वर पानं होती. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते. ती जाता-येता नुसती बघत होती. संध्याकाळी निकाल आला, तो मी मोठ्यानं वाचायला घेतला. चोविसाव्या क्रमांकाला वीसपैकी सहा मिळाले होते. शेरा असा: "आशय संक्षिप्त आणि मुद्देसूद. पोह्याच्या पापडासारख्या स्थानिक उत्पादनाचा उल्लेख स्वागतार्ह. मात्र नकाशा आणि निष्कर्ष यांचा पूर्ण अभाव."

बायको थांबली. "तूरडाळीचा उल्लेख आहे का त्यात?"

होता. तिनं सकाळी दिलेली सामानाची यादी टेबलावरच पडली होती, तीही मी प्रकल्पांबरोबर पाठवली होती.

"निष्कर्ष मी सांगते," ती म्हणाली. "संध्याकाळ झाली आणि तुम्ही अजून पिशवी उचललेली नाही."

यादी काढून टाकली, खरा चोविसावा पाठवला आणि बाकीचं वाचलं. सगळं ठीक वाटत होतं. जोहे-हमरापूर बाजूची नऊ मुलंमुली आमच्याकडे आहेत, गणपतीच्या कारखान्यांच्या गावांतली. त्यांतल्या आठ जणांना चक्क सोळा, सतरा. नवव्या मुलीला सात. म्हणजे नापास. मला जरा आश्चर्य वाटलं, कारण ती वर्गात पहिल्या बाकावर बसून मला माझ्या चुका हळूच सांगणारी मुलगी. मागे मी फळ्यावर अंबा नदी उलटी वाहवली होती, तेव्हा तिनं फक्त खोकून दाखवलं होतं. पण तिचा प्रकल्प उघडला तर यंत्राचं बरोबर होतं. नकाशाला उत्तर दिशेचा बाण नव्हता. सर्वेक्षणाचा तक्ता अर्धा. निष्कर्ष पाच ओळींचा, त्याला आठपैकी एक.

नऊ जणांच्या नावांखाली यंत्रानं एक टीप जोडली होती. "या नऊ प्रकल्पांत परस्परांची नक्कल आढळत नाही. तथापि प्रत्येक प्रकल्प एकाहून अधिक व्यक्तींनी लिहिला असावा, आणि त्या व्यक्ती नऊही प्रकल्पांत त्याच असाव्यात. आठ निष्कर्षांत लेखक आधी दिसणारी गोष्ट सांगतो, मग न दिसणारी, आणि शेवटी एक प्रश्न विचारतो."

हे मी चार वेळा वाचलं. नक्कल नाही, पण माणसं तीच. प्रत्येकाचं वेगळं, पण कोणाचंच एकट्याचं नाही. मी टाइप केलं, "म्हणजे कॉपी केली आहे का?" ते म्हणालं, नाही. मी म्हटलं, "पण माणसं तीच असतील तर कॉपीच ना?" ते म्हणालं, आपला मुद्दा रास्त आहे, क्षमस्व, ही कॉपी मानता येईल. मी म्हटलं, "पण गावं तर वेगळी आहेत!" ते म्हणालं, अगदी बरोबर, क्षमस्व, ही कॉपी मानता येणार नाही. इतका नम्र सहकारी मला नोकरीत भेटला नव्हता. आणि त्याच्याशी बोलून उठलं की बसण्यापूर्वीपेक्षा डोक्यात गोंधळ जास्त.

शहाण्या माणसानं इथं थांबून चौकशी केली असती. मी टीप पुसली आणि सोमवारी मार्कांची यादी नोटीस बोर्डावर लावली.

दुपारी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. रडलेली नव्हती. नखांच्या कडांना सोनेरी रंग होता, तो त्या बाजूच्या मुलांच्या हातांना बारा महिने असतो.

"सर, माझे सात."

"हो, बघितलं मी. नकाशाला बाण नाही, निष्कर्ष..."

"ते बरोबरच हाय. फक्त विचारायचं होतं. मशीननं तपासलं की तुम्ही?"

मी म्हटलं, "दोघांनी."

आजवर मी बरंच खोटं बोललो आहे, विशेषतः पिशवीच्या बाबतीत. पण इतकं लहान आणि इतकं टोचणारं खोटं दुसरं आठवत नाही.

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि गेली. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नापास झाली तर काय होणार, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिच्या वडिलांचा फोन आला. मी बोलणी खायला तयार झालो. पण माणूस खुशीत होता.

"सर, लय बरा केलात."

"काय केलं मी?"

"पोरीला नापास केलंत ना. ती बी.एड.ला जायचा बोलत होती, प्रवेशाची परीक्षापण देऊन बसली. आता डिग्रीच अडकली, मग कुठली जातेय! वर्षभर तरी कारखान्यात ऱ्हाईल. आणि एकदा बसली की बसली. माझ्याकडं आखणीला दुसरा माणूस नाय. तुमचे उपकार झाले बघा. या एकदा, मूर्ती बघायला."

मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. तिनं वह्या तपासता तपासता मान वर केली नाही. "कोणी कोणाचं लिहिलं, ते माझी चौथीतली पोरं विचारल्याबरोबर सांगतात. तुम्ही पोरांना विचारलंत?"

"यंत्राला विचारलं."

"लिहिणारी पोरं हमरापुरात बसलीयत. पेणहून किती लांब आहे हो?"

पेणहून हमरापूर रिक्षानं गेलं तर गाणी ऐकता ऐकता येतं. रविवारी गेलो. त्यांचा कारखाना म्हणजे भाताच्या शेताला लागून पत्र्याची लांब शेड. आत शंभरेक पांढरे गणपती मांडलेले आणि त्यांच्यामधून वाट काढत माझे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हिंडत होते. नऊच्या नऊ. सुट्टीत सगळे इथंच काम करतात, हे मला माहीत नव्हतं. मला बघून एकाच्या हातातला ब्रश खाली पडला.

"घाबरू नका," मी म्हटलं, "मी मूर्ती बघायला आलोय." आणि बघत राहिलो. एक मुलगा नुसता अंगाचा रंग देत होता. तो पुढं सरकला की मागची मुलगी पितांबर रंगवायची. तिसरी सोनेरी काठ आणि दागिने. चौथा सोंडेवरच्या रेघा. सगळ्यांत शेवटी, खिडकीजवळ उजेडात, पाटावर ती बसली होती. तिच्यासमोर एकेक मूर्ती यायची, ती दोन क्षण बघायची, श्वास रोखायची आणि डोळे काढायची. ती आखणी. तोवर ती मूर्ती म्हणजे रंगवलेलं सामान असतं. आखणी झाली की ती आपल्याकडं बघू लागते.

मी एका मूर्तीकडं बोट दाखवलं. "ही कोणी केली?"

सगळे एकमेकांकडं बघून हसले. "सर, कोणी म्हणजे? कारखान्यानं."

"तसं नाही. यातलं कोणाचं काय?"

पितांबरवाली म्हणाली, "पितांबर सगळ्यांचे माझे."

खिडकीकडून आवाज आला, "डोळे सगळ्यांचे माझे."

माझ्या डोक्यात काहीतरी खटकन् हललं. एवढ्या उशिरा हललं, हीच शरमेची गोष्ट. मी विचारलं, "आणि प्रकल्प?"

जराही न लाजता त्यांनी सांगितलं. चोरी केल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. अंगाचा रंग देणारा आणि दुसरा एक जण टेप घेऊन नऊ ठिकाणी फिरले, त्यांनी सर्वेक्षण केलं. रेघांवाल्यानं नकाशे काढले, कारण त्याचा हात स्थिर. दागिनेवालीनं सुरुवाती लिहिल्या. शेवटी प्रत्येकानं आपापल्या गावाचं आपल्या अक्षरात उतरवून काढलं.

"आणि निष्कर्ष?"

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं.

"निष्कर्ष म्हणजे डोळेच की सर," सोंडेच्या रेघांवाला म्हणाला. "ते तिलाच जमतात."

"मग तुझा स्वतःचा असा का?" मी तिला विचारलं.

तिच्या आधी वडीलच बोलले. ते मागे रंग कालवत होते. "घरचा गणपती शेवटी, सर. आधी गिऱ्हाइकाचे. आमच्या घरच्या देवाचे डोळे चतुर्थीच्या आदल्या दिवशी होतात, तेपण घाईघाईत. काय गो?"

"व्हय," ती म्हणाली. "माझा शेवटी ऱ्हायला. सगळ्यांनी माझं काम शेवटीच केलं. बाणपण ऱ्हायला."

म्हणजे यंत्राला दिसलं होतं. मला सत्तावीस वर्षांत जे दिसलं नव्हतं ते त्या बिचाऱ्यानं पहिल्याच फटक्यात ओळखलं, टीप लिहून सांगितलं, आणि मी ती पुसली. आणि सोळा, सतरा मार्क मिळाले ते तिच्याच निष्कर्षांमुळं. तिच्या लिखाणावर आठ जण पास झाले आणि ती नापास. तेही का, तर एसटी गाठायच्या घाईत मी चार मार्क शेवटच्या ओळीत ओतले म्हणून.

निघताना मी धीर करून वडिलांना म्हटलं, "हे मार्क कदाचित बदलतील."

त्यांचा कालवणारा हात थांबला. "बदलतील म्हणजे? बोर्डावर लागलेत ना?"

"लागलेत. पण चुकीचे लागलेत."

"सर," ते हळू म्हणाले, "चुकीचे कसे? तिनंच बाण नाय काढला." आणि बाण खरंच काढलेला नव्हता.

सोमवारी प्राचार्यांसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे नऊ जणांना शून्य द्यायचं?"

"नियमानं तसंच होईल."

"मग द्या."

"पण सर, त्यांच्याकडं काम असंच करतात. आणि मीच वर्गात सांगितलं होतं, परिसरातली कामाची पद्धत समजून घ्या. त्यांनी ती वापरली."

"मग देऊ नका."

यंत्र बरं की प्राचार्य बरे, मला कळेना. दोघेही माझ्या प्रत्येक वाक्याशी सहमत होते. शेवटी प्राचार्य म्हणाले, "हे बघा, पोर्टलची लिंक उद्या पाचला बंद होतेय. त्याच्या आत काय करायचं ते करा. आणि प्रयोग यशस्वी झाल्याचा दोन पानी अहवाल पण द्या."

मी नऊ जणांना मंगळवारी सकाळी बोलावलं. प्रत्येकाचा प्रकल्प त्याच्यासमोर ठेवला. शेवटचं निष्कर्षाचं पान मी आधीच काढून घेतलं होतं. म्हटलं, "सर्वेक्षण, नकाशा तुम्ही वाटून केलंत, ते मी मान्य करतो, आणि तसं लिहितो. त्याचे मार्क आहेत तेच राहतील. पण निष्कर्ष आपापला. आत्ता, इथं, एक तासात."

बाहेर एमआयडीसीच्या शिफ्टच्या गाडीचा भोंगा वाजला. सोंडेच्या रेघांवाला खिडकीतून बाहेर बघत बसला. पितांबरवालीनं पेनाचं टोपण चावलं. ती मात्र पहिली दहा मिनिटं स्वतःच्या कागदाकडं बघतच नव्हती. तिची नजर डावीकडच्या कागदावर जाई, उजवीकडच्या कागदावर जाई. कॉपी करायला नव्हे. बोटं शिवशिवत होती, दुसऱ्याचे डोळे पुरे करायला. मी खोकलो. अंबा नदीच्या वेळी ती खोकली होती, तसाच. ती दचकली आणि लिहायला लागली.

ते नऊ कागद मी वाचले. वाकणाची झोप मध्ये यायला नको म्हणून कॉलेजातच बसून, लाल पेन घेऊन, दोनदा. यंत्राला फक्त शेवटी विचारलं की माझं काही सुटलं का. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक बरोबर होती. सोळावाल्यांचे कोणाचे दहा झाले, कोणाचे अकरा. रेघांवाल्याचे जेमतेम नऊ, पण त्यानं शेवटी स्वतःचा एक प्रश्न विचारला होता आणि तो बरा होता.

तिचा निष्कर्ष एका पानाचा होता. लिहिलं होतं की आमचं गाव एका बाजूनं लहान होतंय आणि दुसऱ्या बाजूनं मोठं. भाताच्या बांधाकडून मोजलं तर दर वर्षी कमी भरतं, शेडच्या पत्र्याकडून मोजलं तर वाढतं. नकाशावर दोन्ही गोष्टी एकाच रेघेत येतात. शेवटी प्रश्न होता, ती रेघ कोणी काढायची, गावात राहणाऱ्यानं की गावातून बाहेर जाणाऱ्यानं? आणि वर कोपऱ्यात, निष्कर्षाच्या पानावर जिथं त्याचं काही काम नाही तिथं, उत्तर दिशेचा बाण काढलेला होता.

मी आठपैकी सहा दिले. आधीचे सहा आणि हे सहा, बारा. पास.

साडेचारला ती दाराशी आली. मी तिला मार्क दाखवले आणि तिनं काही विचारायच्या आत म्हटलं, "या वेळी मी तपासलंय."

"सगळं?"

"सगळं. दोनदा."

आता ती 'मग ठीक हाय' म्हणेल, मी 'बी.एड.ला चांगलं कर' म्हणेन, आणि मला पावणेपाचची एसटी मिळेल, असं मी धरून चाललो होतो. ती आत आली, समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"मग सर, दोन कुठं गेले?"

"कोणते दोन?"

"आठातले."

मी कागद ओढून घेतला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकाही ओळीखाली माझी लाल खूण नव्हती. पूर्ण मार्क मी कशालाच कधी देत नाही. सत्तावीस वर्षांत दिलेले नाहीत. का नाही, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"ते... भाषा जरा..."

"कुठली ओळ?"

"तशी ओळ नाही. एकंदरीत."

"एकंदरीत म्हणजे रुब्रिकमध्ये कुठं येतं, सर?"

मी तक्ता उघडला. त्यात एकंदरीत कुठंच नव्हतं. उलट निष्कर्षाच्या ओळीतला आठ हा आकडा माझ्याकडं बघत होता आणि तो कुठून आला हे आम्हा दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

"मशीननं सात दिले तेव्हा तू काहीच बोलली नाहीस," मी जरा रागावून म्हटलं.

"त्याला काय विचारणार? ते बोलतंय 'क्षमस्व'," ती म्हणाली. "तुम्ही वाचलंत बोललात, म्हणून विचारतेय."

तिचा फोन वाजला. वडिलांचा होता. तिनं तो उलटा करून टेबलावर ठेवला. नखांवरचा सोनेरी रंग तसाच होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले. बाहेर एसटीनं हॉर्न दिला आणि ती माझ्याशिवाय पेणकडं निघून गेली. लिंक बंद व्हायला पंधरा मिनिटं उरली होती. पोर्टलवरच्या चौकोनात बारा हा आकडा होता, त्याच्याशेजारी माऊसचा बाण थांबून होता, आणि मी तिचा कागद तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, ते दोन मार्क शोधत.